चौथ्या सभेचं पान

साधनाबाई कांबळे समितीच्या बैठकीत नेहमी दाराजवळच्या खुर्चीवर बसायच्या. उशीर होत असे म्हणून नव्हे. उलट सगळ्यांच्या आधी त्याच आलेल्या असायच्या. पण टेबलाभोवतीच्या खुर्च्या अधिकाऱ्यांच्या आणि डॉक्टरांच्या, असं त्यांनी आपलं आपणच ठरवून टाकलं होतं. मीही बाहेरचाच माणूस. त्यामुळे दुसऱ्या बैठकीपासून मी त्यांच्या शेजारची खुर्ची धरली.

मी निवृत्त मराठी शिक्षक. दोन हजार बावीसच्या दिवाळीनंतर धारवाडच्या कचेरीतून मला बोलावणं आलं. अंगणवाडीत येणाऱ्या मुलांच्या आईबापांसाठी सरकारला एक पुस्तिका करायची होती. दर महिन्याला एक पालक सभा, वर्षाच्या बारा सभा, आणि प्रत्येक सभेत आईबापांना काय सांगायचं, काय करून दाखवायचं ते त्यात लिहिलेलं असणार. मूळ मजकूर कानडीत होत होता. हुबळीतल्या आणि बेळगावकडच्या मराठी वस्त्यांसाठी त्याचं मराठी करायचं काम माझ्याकडे आलं. साधनाबाई जुन्या हुबळीतल्या चोवीस अंगणवाड्यांच्या सुपरवायझर. चौतीस वर्षांपूर्वी अंगणवाडीत टीचर म्हणून लागल्या, बढती मिळत इथवर आल्या. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. प्रत्यक्ष वस्तीत काम केलेलं कुणीतरी समितीत हवं, म्हणून त्यांना घेतलं होतं.

त्या फार बोलत नसत. पण एखादं वाक्य वाचून झालं की दाराजवळून त्यांचा प्रश्न यायचा. एकदा मसुद्यात आलं, ‘पालकांनी मुलांसोबत गुणवत्तापूर्ण वेळ घालवावा.’ साधनाबाईंनी विचारलं, दुर्गदबैलच्या बाजारात सकाळी सातला भाजीचा गाडा लावणारी बाई हा वेळ कुठून आणणार? कुणी हसलं. समितीच्या प्रमुख हेमावती मॅडम हसल्या नाहीत. मग काय लिहू, म्हणून त्यांनी विचारलं. साधनाबाईंनी सांगितलं ते त्यांनी तसंच उतरवून घेतलं: ‘भाजी निवडताना बाळाला समोर बसवा. जे हातात घ्याल त्याचं नाव त्याला सांगा.’ मला मराठी करताना त्या वाक्याला काही करावंच लागलं नाही.

चौथ्या सभेचं पान त्यांनी स्वतः लिहून आणलं होतं. विषय होता बाळाच्या ऐकण्याचा. आधीच्या मसुद्यात एकच ओळ होती, की हाक मारल्यावर बाळ वळतं का ते पाहा. साधनाबाईंनी त्याचं अख्खं पान केलं होतं. बाळाच्या मागे उभे राहा. त्याची नजर तुमच्यावर नसावी. जमिनीवर पाय आपटू नका. पदराचा वारा लागू देऊ नका. समोर तुमची सावली पडू देऊ नका. मग ताटलीवर चमचा वाजवा. बाळ वळलं नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा करा, आणि तिसऱ्या दिवशी दवाखान्यात जा. थांबू नका, घरच्या मोठ्यांना विचारत बसू नका.

समितीतल्या बालरोगतज्ज्ञांना हे पान लांबलं असं वाटलं. ते तरी ठीक. पण पानाच्या शेवटी त्यांनी एक ओळ घालायला सांगितली. जुन्या प्रशिक्षणाच्या कागदांतली होती ती. मुलाला ऐकू येत नसेल तर त्याच्याशी खुणांनी बोलू नये, हातांची सवय लागली की मूल तोंडानं बोलायला शिकत नाही.

“ही ओळ घालू नका,” साधनाबाई म्हणाल्या.

डॉक्टर म्हणाले की हे वर्षानुवर्षं सांगितलं जातं. त्यावर त्या म्हणाल्या, म्हणूनच घालू नका. हेमावती मॅडमनी शांतपणे विचारलं, यामागे त्यांच्याकडे काही आधार आहे का.

“आधार आहे मॅडम. माझी मुलगी आहे.”

मग त्या उभ्या राहिल्या आणि दहा मिनिटं बोलल्या. कचेरीत चौतीस वर्षांत कुणाला माहीत नव्हतं ते त्या दिवशी नऊ माणसांना कळलं. पुढच्या दीड वर्षात तुकड्यातुकड्यांनी त्यांनी मला आणखी बरंच सांगितलं. ते सगळं एकत्र करून इथे लिहितो.

त्यांचे वडील सिद्राम रेल्वेच्या कारखान्यात खलाशी, म्हणजे मदतनीस, होते. बाबासाहेबांच्या फोटोखाली बसवून मुलीकडून पाढे म्हणून घेणारा माणूस. साधना मराठी शाळेत शिकली, कानडी गल्लीत शिकली. लग्न झालं ते यशपाल कांबळेंशी, ते धारवाडजवळच्या बेलूरला एका कारखान्यात लेथवर होते. नेत्रा झाली त्र्याण्णव साली. तीन महिन्यांनी साधनाबाई अंगणवाडीत परत गेल्या आणि मूल सासूकडे, दुर्गव्वाकडे राहू लागलं. सकाळी नऊ ते दुपारी तीन त्या दुसऱ्यांच्या तीस मुलांची वजनं करायच्या, दंडाचा घेर मोजायच्या, कोण चालायला लागलं, कोण दोन शब्द जोडून बोलतं, याची रजिस्टरात नोंद करायच्या.

नेत्रा बोलत नव्हती. पण दार आपटलं की वळायची. मागून कुणी चालत आलं की मान फिरवायची. दुर्गव्वा म्हणायच्या, यशपालही चार वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता. साधनाबाईंना ते पटत होतं, कारण पटवून घ्यायचं होतं. जयंतीच्या मिरवणुकीत ढोलताशांपाशी पोरगी छातीवर हात ठेवून हसायची. तिला ऐकू येत नव्हतं. जमिनीतून आणि हवेतून येणारा हादरा तिला अंगानं कळायचा. हे कळायला तीन वर्षं आठ महिने गेले.

कळलं ते असं. संध्याकाळी वीज गेली. दोघी एकाच खोलीत, हाताच्या अंतरावर. साधनाबाईंनी हाक मारली, “नेत्रा, इकडे ये.” उत्तर नाही. पुन्हा मारली. अंधारात पोर भिंत चाचपत चालली होती, आईच्या उलट दिशेला, आणि घशातून बारीक आवाज काढत होती. साधनाबाई एका जागी बसून हाका मारत राहिल्या. जागेवरून उठायचं नाही, ती आवाजावर येते का बघायचं, असं त्यांनी ठरवलं. किती वेळ हाका मारल्या ते त्यांना आठवत नाही. शेवटी मेणबत्ती लावली. आईचा चेहरा दिसला तशी पोरगी हसत धावत आली.

दवाखान्यात तपासणी झाली. डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही कान. वर्षाच्या आत आणलं असतं तर बरंच करता आलं असतं. मग कागद भरताना त्यांनी विचारलं, तुम्ही काय करता? साधनाबाई म्हणाल्या, घरकाम.

“आयुष्यात सरकारी कागदावर मी तेवढं एकच खोटं लिहायला लावलं सर,” त्या मला म्हणाल्या होत्या.

पाचव्या वर्षी नेत्राला परगावच्या निवासी शाळेत घातलं. शाळेच्या बाईंनी पहिल्याच दिवशी पालकांना बसवून सांगितलं, घरी हातानं बोलायचं नाही. मुलीनं हात हलवला तर लक्ष द्यायचं नाही. तोंडानं मागेल तेव्हाच द्यायचं. बाकीचे आईबाप ऐकून घरी गेले आणि आपल्या मनाप्रमाणे वागले. साधनाबाईंनी वहीत लिहून घेतलं. एकदा हातून चूक झालेली, आता दुसरी करायची नव्हती. सुटीत नेत्रा घरी यायची, हॉस्टेलात मैत्रिणींकडून शिकलेल्या खुणा करून भराभर काहीतरी सांगू लागायची, आणि साधनाबाई तिचे दोन्ही हात धरून आपल्या मांडीवर दाबून ठेवायच्या. तोंडानं बोल, म्हणायच्या. शाळेची अकरा वर्षं. एवढ्या वर्षांत नेत्रा चाळीसेक शब्द बोलायला शिकली, आणि ते आईखेरीज कुणाला कळत नसत. बाराव्या-तेराव्या वर्षी तिनं घरी काही सांगायचंच सोडून दिलं. सुटीत आली की खिडकीत बसायची.

शाळेचं म्हणणं चुकीचं होतं, हे साधनाबाईंना फार उशिरा समजलं, तेही एका प्रशिक्षणात, चहाच्या सुटीत, कुणीतरी सहज बोलता बोलता. पुढची दोन सत्रं त्या वर्गात बसून होत्या. काय शिकवलं ते त्यांना सांगता येत नाही.

यशपाल चौदा साली गेले, कामावरच छातीत दुखून. नेत्रा तोवर पुण्यात शिकून एका कचेरीत संगणकावर काम करत होती. अठरा साली तिचं अनिशशी लग्न झालं. त्यालाही ऐकू येत नाही. लग्नाला दीडदोनशे माणसं, बहुतेक सगळी तशीच. हॉलभर हात चालले होते, लोक हसत होते, एकमेकांच्या खांद्यावर थापा मारत होते, आणि आवाज म्हणाल तर फक्त पंख्यांचा आणि खुर्च्यांचा. मुलीची आई म्हणून साधनाबाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या आणि त्या हॉलात काय चाललंय ते त्यांना एकटीला कळत नव्हतं. भंतेजी वंदना म्हणू लागले तेव्हा एक मुलगी त्यांच्या शेजारी उभी राहून ती हातांनी सांगू लागली. बुद्धं सरणं गच्छामि. साधनाबाईंना शब्द पाठ होते. तेवढी काही मिनिटं त्यांना हात वाचता आले. मग वंदना संपली.

समितीच्या त्या बैठकीत हे सगळं त्यांनी सांगितलं नाही. वीज गेल्याचं सांगितलं, शाळेचं सांगितलं, आणि शेवटी एवढंच म्हणाल्या, “मी सांगितलेलं ऐकणारी आई होते मॅडम. आपण जे छापू ते ऐकणाऱ्या बायका आहेत. चुकलं तर त्यांच्या घरी आपण कुणी जाणार नाही.”

डॉक्टर वयानं तरुण होते. त्यांनी ओळ मागे घेतली. आपण ती जुन्या कागदावरून उतरवली, तपासायला हवी होती, असंही म्हणाले. पान मात्र अर्धं करावं लागलं, कारण प्रत्येक सभेला चित्रासकट दोनच पानं ठरली होती. बैठक संपल्यावर सगळे त्यांना वाट देऊन उभे राहिले. त्या खाली उतरल्या आणि हुबळीची चिगरी, म्हणजे जलद बस, धरून निघून गेल्या. पुढच्या बैठकीपासून लोक त्यांच्याशी जरा जास्तच मऊ बोलू लागले. ते त्यांना आवडलं नाही. आधी मी फक्त दाराजवळ बसत होते, आता मला लांब बसवलंय, असं त्या म्हणाल्या.

तेवीसच्या जूनपासून पुस्तिकेची चाचणी सुरू झाली. चौथी सभा सप्टेंबरात आली. मराठी मजकूर बायकांना कळतो का ते पाहायला मी त्यांच्या एका अंगणवाडीत गेलो होतो. चौदा आया, दोन बाप, तीन आज्या. टीचरनी ताटली आणि चमचा घेऊन एकेका बाळामागे वाजवायला सुरुवात केली. मुलं वळत होती, आया हसत होत्या. भाग्यलक्ष्मी नावाच्या मुलीच्या मांडीवर आठ महिन्यांचं बाळ होतं, सुमंत. चमचा वाजला. सुमंत आईच्या मंगळसूत्राशी खेळत राहिला. टीचरनी पुन्हा वाजवला. साधनाबाई मागच्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्या पुढे आल्या, टीचरच्या हातून ताटली घेतली आणि स्वतः वाजवली. मग ताटली खाली ठेवली.

भाग्यलक्ष्मीची सासू हिराबाई तिथेच होती. ती उठली आणि म्हणाली की पोराला झोप आलीय, भरल्या सभेत कुणाच्या लेकराला असं बघतात का. सुनेला घेऊन ती निघून गेली. पुढच्या महिन्यात भाग्यलक्ष्मी आली नाही. तिच्या गल्लीतल्या आणखी तिघी आल्या नाहीत. ही बाई मुलांना नावं ठेवते, असं बोललं जाऊ लागलं.

साधनाबाई तिच्या घरी गेल्या. हिराबाईनं उंबऱ्याबाहेरूनच वाटेला लावलं. दुसऱ्यांदा गेल्या तेव्हा दार उघडलं नाही. तिसऱ्यांदा भाग्यलक्ष्मीचा नवरा घरी होता; त्यानं पाणी दिलं, बघू म्हणाला. चौथ्यांदा हिराबाई म्हणाली, तुला काय माहीत पोराचं, तू तर एकटी राहतेस. साधनाबाईंनी यावर नेत्राचं काही सांगितलं नाही. मी नंतर विचारलं, का नाही सांगितलं? त्या म्हणाल्या, “सांगितलं असतं तर तिला माझी दया आली असती आणि विषय माझ्याकडे वळला असता. मला तिला दवाखान्यात न्यायचं होतं.”

पाचव्यांदा जावं लागलं नाही. नोव्हेंबरात एका सकाळी भाग्यलक्ष्मी बाळाला घेऊन एकटीच अंगणवाडीत आली. घरी सगळे लग्नाला गेले होते. तिनं रोज सासू बाहेर गेली की मागून चमचा वाजवून पाहिला होता, दोन महिने. दोघी रिक्षानं दवाखान्यात गेल्या. तीन फेऱ्यांत निदान झालं. डिसेंबरात कोप्पीकर रोडवरच्या एका दुकानात सुमंतच्या कानांचे साचे घेतले आणि अकराव्या महिन्यात त्याला यंत्रं लागली. पुढे शस्त्रक्रियेसाठी सरकारी यादीतही नाव गेलं.

दुकानातून बाहेर पडताना भाग्यलक्ष्मीनं विचारलं, “अक्का, सगळे वेगवेगळं सांगताहेत. हातानं बोलू की नको?”

“बोल,” साधनाबाई म्हणाल्या. “हातानं बोल, तोंडानं बोल, त्याला जे कळेल त्यानं बोल. फक्त त्याचे हात धरून ठेवू नकोस.”

त्या दिवशी भाग्यलक्ष्मीला रिक्षात बसवून दिल्यावर साधनाबाई कोप्पीकर रोडवर बराच वेळ उभ्या राहिल्या. कुणाला तरी हे सांगावं असं वाटलं. फोन काढला. नेत्राला फोन करता येत नाही. मेसेज करायला घेतला, पण काय लिहायचं? तुझ्यासाठी केलं नाही ते दुसऱ्याच्या मुलासाठी केलं, असं? त्यांनी मला फोन केला आणि बाळाला यंत्रं बसली एवढंच सांगितलं.

पुढचं सगळं खात्याच्या रीतीनं झालं. पुस्तिका चोवीसच्या उन्हाळ्यात छापून आली. मागच्या पानावर समितीतल्यांची नावं होती. दोन अधिकारी, डॉक्टर, चित्रकार, मराठी भाषांतरकार म्हणून मी. साधनाबाईंचं नाव राहून गेलं. हेमावती मॅडमना फार वाईट वाटलं. पुढच्या आवृत्तीत घालू म्हणाल्या. साधनाबाईंना त्याचं विशेष काही वाटलं नसावं. त्यांनी चौथ्या सभेचं पान उघडून वाचलं, एक ऱ्हस्वदीर्घ चुकलेलं मला दाखवलं आणि पुस्तिका पिशवीत टाकली. त्याच महिनाअखेर त्या निवृत्त झाल्या. निरोप समारंभात शाल, हार आणि चुरमुऱ्यांचं गिरमिट.

मी धारवाडहून दोनदा त्यांच्या घरी गेलो होतो. दोन खोल्या, स्वच्छ. रेडिओ सतत चालू असायचा, कानडी बातम्या, शेतीविषयक, काहीही. बंद करू का, असं मी विचारलं तर नको म्हणाल्या. निवृत्तीनंतर त्यांचा दिवस जाईना. सकाळी नऊला तयार होऊन बसायच्या.

जुलैत नेत्राचा मेसेज आला. तिला जानेवारीत मुलगा झाला होता. साधनाबाई तेव्हा पंधरा दिवस जाऊन आल्या होत्या. अनिशची आईही तिथे होती. तिला खुणा येतात, आणि साधनाबाईंनी स्वयंपाकघर सांभाळलं होतं. आता ती बाई नाशिकला परत गेली होती. मेसेज त्यांनी मला दाखवला. नेत्राचं मराठी तिच्या पद्धतीचं आहे.

‘बाळ ऐकतो. तपासला. घरात आवाज नाही. आई ये. बाळ बोल.’

साधनाबाईंनी तो कितीदा वाचला असेल कोण जाणे. लग्नानंतर सहा वर्षांत नेत्रानं त्यांच्याकडे पहिल्यांदाच काही मागितलं होतं. आठ दिवसांत घराला कुलूप लावून, शेजाऱ्यांकडे किल्ली देऊन त्या पुण्याला गेल्या.

तिथून त्या मला फोन करतात, बहुतेक दुपारी. पहिल्या फोनमध्ये म्हणाल्या, दारावर बेल वाजवली की इथे दिवा लागतो. कुकरची शिट्टी कुणी मोजत नाही, घड्याळ बघतात. बाळाचं नाव प्रभंजन ठेवलंय. त्या दिवसभर त्याच्याशी बोलतात. भाजी निवडताना, अंघोळ घालताना, कपडे वाळत टाकताना. हजारो बायकांना बोला म्हणून सांगितलं, पण बोलायचं किती असतं ते आता कळलं, असं म्हणाल्या. अकरा वाजेपर्यंत सगळं सांगून संपतं. मग त्या त्याला हुबळीच्या गल्ल्यांची नावं सांगतात, दुर्गदबैलात कुठल्या दुकानात काय मिळतं ते सांगतात. मध्येच कानडीत बोलतात. त्या घरात स्वतःचाच आवाज ऐकून कधी कधी त्यांना भीती वाटते.

बाळाला दहाव्या महिन्यात हातानं ‘दूध’ म्हणता येऊ लागलं, ‘अजून’ म्हणता येऊ लागलं. तोंडानं ‘बा’ म्हणाला तो नंतर. आईला तो हातानं बोलवतो आणि आजीला आवाजानं. कोणाशी कसं बोलायचं ते त्याला न शिकवता कळलं. साधनाबाई रविवारी खुणांच्या एका वर्गाला जातात, ऐकू येणाऱ्या नातेवाइकांसाठी असतो तो. वर्गात त्या सगळ्यांत मोठ्या. संधिवातानं बोटं आखडतात, शिक्षिका थांबून त्यांच्याकडून पुन्हा करून घेते. दोनशेच्या आसपास खुणा येतात आता. नेत्राशी त्या एकेक शब्द जुळवून बोलतात. नेत्रा थांबते, वाट बघते. पण नवऱ्याशी बोलू लागली की तिचे हात इतके भराभर चालतात, की दहातली एखादी खूण पकडता येते.

शाळेच्या दिवसांबद्दल दोघींत काही बोलणं झालं का, मी एकदा विचारलं. साधनाबाई म्हणाल्या, तेवढं बोलण्याएवढ्या खुणा मला अजून येत नाहीत सर. वर्गात ‘चूक’ शिकवलंय. ‘माफ कर’ पण शिकवलंय. पण मधलं सगळं कसं सांगायचं?

परवा त्यांचा फोन आला. हुबळीत काय विशेष, विचारलं. मी सांगितलं, पुस्तिका आता जिल्ह्यातल्या सगळ्या अंगणवाड्यांत गेली आहे, नव्या सुपरवायझर बऱ्या आहेत, भाग्यलक्ष्मी सभेला येते म्हणे, हिराबाईपण येते. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “काल जेवताना नेत्रा आणि अनिश खूप हसत होते. मी बघत होते. बाळही हसलं. तिघांना काय ते कळलं होतं.”

मी म्हणालो, विचारायचं होतं.

“विचारलं की. नेत्रानं दोनदा सांगितलं. मला कळलं नाही. तिसऱ्यांदा विचारायला नको वाटलं.”

मग त्या उगाचच कानडीत पावसाचं बोलू लागल्या, धारवाडात किती झाला, हुबळीत किती. मीही बोलत राहिलो. पलीकडून बाळ उठल्याचा आवाज आला आणि त्यांनी फोन ठेवला.